लिनक्स कर्नलमधील यूएसबी ड्रायव्हरांची निवड

लिनक्स कर्नल कंपाइल करण्यापूर्वी यूएसबी उपकरणांसाठी लागणारे कोणते ड्रायव्हर कर्नलमध्ये अंगभूत ठेवायचे, कोणते स्वतंत्र मॉड्यूल म्हणून बांधायचे आणि कोणते पूर्णपणे वगळायचे हे ठरविण्याच्या प्रक्रियेस यूएसबी ड्रायव्हरांची निवड किंवा यूएसबी संरूपण असे म्हणतात. घरगुती संगणकावर उबुंटू, फेडोरा किंवा डेबियन वापरणाऱ्यांना ही निवड सहसा करावी लागत नाही, कारण ही वितरणे जवळजवळ सर्व यूएसबी ड्रायव्हर मॉड्यूलच्या रूपाने बांधून देतात. राउटर, लहान आकाराचे एकफलकी संगणक, औद्योगिक यंत्रे आणि मोबाइल फोन यांच्यासाठी कर्नल बांधणाऱ्यांना मात्र ती करावीच लागते. संचालन प्रणालीचा अभ्यास करणारे विद्यार्थीही स्वतः कर्नल बांधताना बहुधा प्रथम याच ठिकाणी अडखळतात.

या निवडीतील चूक बहुतेक वेळा त्रुटीसंदेशाच्या रूपाने समोर येत नाही. कर्नल कोणतीही तक्रार न करता कंपाइल होतो आणि यंत्र सुरूही होते. केवळ कळफलक उमटत नाही, किंवा पेनड्राइव्ह लावल्यावर काहीच घडत नाही. एक उपकरण चालण्यासाठी चार-पाच स्वतंत्र पर्याय एकाच वेळी निवडलेले असावे लागतात आणि त्यांपैकी एक जरी निसटला तरी संपूर्ण साखळी निरुपयोगी ठरते, हे त्याचे कारण आहे.

पार्श्वभूमी

यूएसबीची १.० ही आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. कॉम्पॅक, डेक, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्टेल या सात कंपन्या तिच्या निर्मितीत सहभागी होत्या. इंटेलमधील ज्या अभियंत्यांनी हे मानक घडविले त्यांत वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट हे प्रमुख होते.

त्यापूर्वीच्या संगणकांत कळफलकाला एक खाच, छपाईयंत्राला दुसरी आणि मोडेमला तिसरी अशी व्यवस्था असे. कोणत्या खाचेत काय येणार हे कर्नलला आधीच ठाऊक असे. यूएसबीने ही खात्री काढून घेतली. एकाच आकाराच्या खाचेत माऊस, कॅमेरा, ध्वनिपत्र, नेटवर्क अडॅप्टर यांपैकी काहीही येऊ शकते आणि आपण कोण आहोत हे ते उपकरण जोडल्यानंतरच सांगते. वापरणाऱ्याची सोय झाली, पण कर्नलला अनेक अनोळखी पाहुण्यांसाठी तयार राहणे भाग पडले. कर्नलच्या संरूपणात यूएसबीशी निगडित शेकडो पर्याय दिसतात ते यामुळेच.

लिनक्ससाठी यूएसबीचे आरंभीचे प्रयत्न मुख्य कर्नलच्या बाहेर झाले. १९९९ मध्ये लिनस तोरवाल्ड्स यांनी स्वतः एक लहान आणि सुटसुटीत यूएसबी संकेत लिहिला व इतरांनी तो वाढवत नेला. जानेवारी २००१ मध्ये आलेल्या २.४ या कर्नलमध्ये यूएसबी हा नियमित भाग होता. यूएसबी ३.० च्या बाबतीत तर लिनक्स इतरांच्या पुढे होता. इंटेलमधील सेरा शार्प यांनी लिहिलेला एक्सएचसीआय ड्रायव्हर सप्टेंबर २००९ मध्ये २.६.३१ या कर्नलमधून प्रसिद्ध झाला, तेव्हा यूएसबी ३.० ची उपकरणे बाजारात जेमतेम येऊ लागली होती.

रचना

कर्नलमधील यूएसबी यंत्रणा थरांची आहे. सर्वांत खाली होस्ट कंट्रोलरचा ड्रायव्हर असतो. तो संगणकाच्या मुख्य फलकावरील यूएसबी चिपशी थेट बोलतो. त्याच्यावर यूएसबी कोअर हा मध्यवर्ती भाग असतो. उपकरण ओळखणे, त्याला पत्ता देणे आणि योग्य ड्रायव्हर शोधणे ही त्याची कामे होत. तिसऱ्या थरात विशिष्ट प्रकारच्या उपकरणांचे ड्रायव्हर येतात. चौथा थर यूएसबीचा नसतोच: पेनड्राइव्ह हा शेवटी साठवण यंत्रणेच्या, कळफलक हा इनपुट यंत्रणेच्या आणि ध्वनिपत्र हे ध्वनियंत्रणेच्या स्वाधीन केले जाते. संरूपणात हा चौथा थर वेगळ्याच मेनूत असतो, म्हणून तो सर्वाधिक वेळा विसरला जातो.

नवे उपकरण जोडले की हब त्या पोर्टवरील बदलाची सूचना देतो. कर्नल पोर्ट रिसेट करतो. या क्षणी उपकरणाचा पत्ता ० असतो. कर्नल त्याला १ ते १२७ यांपैकी एक पत्ता देतो आणि त्याच्याकडून वर्णननोंदी मागवून घेतो. या नोंदींत उत्पादकाचा १६ बिटांचा क्रमांक, उत्पादनाचा १६ बिटांचा क्रमांक आणि उपकरणाचा वर्ग यांची माहिती असते. वर्गांचे क्रमांक मानकाने ठरवून दिलेले आहेत: मानवी आदानाच्या उपकरणांचा, म्हणजे कळफलक व माऊस यांचा वर्ग ३, छपाईयंत्राचा ७, साठवणीचा ८ आणि हबचा ९.

ड्रायव्हर उपकरणाला नव्हे, तर उपकरणातील इंटरफेसला जोडला जातो, ही बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे. आवाज कमी-जास्त करण्याची बटणे असलेल्या यूएसबी हेडफोनमध्ये सामान्यतः ध्वनीचे इंटरफेस निराळे आणि बटणांचा इंटरफेस निराळा असतो. कर्नलमध्ये ध्वनीचा ड्रायव्हर असून मानवी आदानाचा नसेल, तर गाणे ऐकू येते पण बटणे चालत नाहीत. अशा वेळी हेडफोन बिघडला असा समज होणे स्वाभाविक आहे.

होस्ट कंट्रोलरचे प्रकार

होस्ट कंट्रोलरचे चार प्रमुख प्रकार आहेत. यूएचसीआय हा इंटेलचा आणि ओएचसीआय हा कॉम्पॅक, मायक्रोसॉफ्ट व नॅशनल सेमीकंडक्टर यांचा. दोन्ही यूएसबी १.१ च्या काळातील असून १.५ आणि १२ मेगाबिट प्रतिसेकंद या वेगांनी काम करतात. एप्रिल २००० मध्ये आलेल्या यूएसबी २.० सोबत ४८० मेगाबिटचा वेग आणि त्यासाठी ईएचसीआय हा कंट्रोलर आला. यूएसबी ३.० साठीचा एक्सएचसीआय हा ५ गिगाबिट आणि त्यापुढील वेगांसह जुने सर्व वेगही स्वतःच हाताळतो.

ईएचसीआयच्या बाबतीत एक चमत्कारिक अडचण उद्भवते. हा कंट्रोलर केवळ ४८० मेगाबिटच्या वेगाने बोलणाऱ्या उपकरणांशी थेट व्यवहार करतो. त्या पिढीतील अनेक मुख्य फलकांवर त्याच पोर्टना जोडलेले यूएचसीआय किंवा ओएचसीआय जातीचे जोडीदार कंट्रोलर असत आणि संथ उपकरण लावल्यास पोर्ट त्यांच्याकडे सोपविले जाई. अशा यंत्रासाठी ‘आपले यंत्र यूएसबी २.० चे आहे’ असे म्हणून केवळ ईएचसीआय निवडल्यास पेनड्राइव्ह उत्तम चालतो, परंतु त्याच पोर्टला लावलेला कळफलक मृतवत राहतो, कारण कळफलक १.५ मेगाबिटच्या वेगाचा असतो. मॉड्यूल भरण्याच्या क्रमालाही येथे महत्त्व आहे. ईएचसीआयचे मॉड्यूल जोडीदारांच्या आधी भरावे लागते. क्रम उलटा झाल्यास कर्नल आपल्या नोंदवहीत स्पष्ट इशारा लिहितो.

नव्या यंत्रांत बहुतेक वेळा एक्सएचसीआय पुरतो. तथापि येथेही दोन पर्याय आहेत. ‘कॉन्फिग_यूएसबी_एक्सएचसीआय_एचसीडी’ हा ड्रायव्हरचा मूळ भाग, आणि तो चिप प्रत्यक्षात ज्या मार्गाने जोडली आहे त्या मार्गाचा जोडभाग वेगळा. सामान्य संगणकांत ही चिप पीसीआय मार्गावर असते, तर अनेक मोबाइल चिपसंचांत ती थेट प्रोसेसरच्या चिपमध्येच असते व तिला प्लॅटफॉर्म जोडभाग लागतो. रास्पबेरी पाय ४ या लहान संगणकाच्या यूएसबी ३.० पोर्टमागे पीसीआय एक्सप्रेस मार्गावर बसविलेली स्वतंत्र चिप आहे. त्यामुळे त्या फलकाच्या कर्नलमध्ये पीसीआय एक्सप्रेसचा ड्रायव्हर वगळला तर ही पोर्टेही जातात. यूएसबीच्या मेनूत कितीही शोधले तरी याचे कारण सापडत नाही.

अंगभूत, मॉड्यूल की वगळलेले

लिनक्स कर्नलचे पर्याय ‘केकॉन्फिग’ या भाषेत वर्णन केलेले असतात. ही व्यवस्था २००२ मध्ये, २.५ मालिकेच्या काळात आली. ‘मेक मेनूकॉन्फिग’ ही आज्ञा दिल्यावर हे पर्याय मेनूच्या स्वरूपात दिसतात आणि यूएसबीचा विभाग उपकरण-ड्रायव्हरांच्या मेनूत सापडतो. बहुतेक ड्रायव्हरांसाठी तीन उत्तरे शक्य असतात: ‘वाय’ म्हणजे अंगभूत, ‘एम’ म्हणजे मॉड्यूल, ‘एन’ म्हणजे वगळलेले. निवडलेली उत्तरे ‘.कॉन्फिग’ नावाच्या एका साध्या मजकूर-फाइलीत साठविली जातात.

प्रत्येक पर्यायाला इतर पर्यायांवरील अवलंबन असते. अवलंबन पूर्ण नसेल तर तो पर्याय मेनूत दिसतच नाही. यामुळे ‘माझ्या कर्नलमध्ये हा ड्रायव्हर नाही’ असा गैरसमज होतो. वस्तुतः तो असतो, पण एखादा वरचा पर्याय बंद असल्याने लपलेला असतो. मेनूत तिरप्या रेघेची कळ दाबल्यास शोधाची खिडकी उघडते आणि पर्यायाचे नाव टाकल्यावर तो कशावर अवलंबून आहे आणि त्या अवलंबनांची सध्याची स्थिती काय आहे हे दिसते. अवलंबनाचा आणखी एक नियम असा की, ज्यावर अवलंबून आहे ते मॉड्यूल असेल तर अवलंबणारा पर्याय अंगभूत होऊ शकत नाही. स्कझी यंत्रणा ‘एम’ असताना यूएसबी साठवणीला ‘वाय’ देता येत नाही, हे याचे नेहमीचे उदाहरण.

अंगभूत आणि मॉड्यूल यांतील निवड वरवर पाहता जागेची वाटते, परंतु मुळात ती वेळेची आहे. मॉड्यूल ही डिस्कवरील एक फाइल असते. ती वाचायची तर आधी डिस्क वाचता आली पाहिजे आणि डिस्कच यूएसबीवर असेल तर ती वाचण्याचा ड्रायव्हर त्याच डिस्कवर बंदिस्त होतो. तिजोरीची किल्ली तिजोरीतच राहावी तसा हा प्रकार आहे. परिणामी मूळ फाइलव्यवस्था सापडली नाही, असे सांगून कर्नल थांबतो. यावर दोन उपाय आहेत. एक तर आवश्यक ते सर्व थर अंगभूत करावेत, किंवा ती मॉड्यूले ‘इनिटरॅमएफएस’ या लहान आरंभिक फाइलव्यवस्थेत ठेवावीत. बूटलोडर ही फाइलव्यवस्था कर्नलसोबतच मेमरीत आणून ठेवतो, त्यामुळे ती वाचण्यासाठी डिस्क लागत नाही.

थर अंगभूत करूनही यूएसबी डिस्कवरून बूट होणारी यंत्रे कधी कधी अडतात. यूएसबी उपकरणांचा शोध समांतरपणे चालतो आणि डिस्क फिरू लागून ओळख पटेपर्यंत काही क्षण जातात. तोवर कर्नल मूळ फाइलव्यवस्था शोधून निराश झालेला असतो. कर्नलला आरंभी ‘रूटवेट’ हा शब्द दिल्यास ती डिस्क प्रकट होईपर्यंत तो वाट पाहतो.

कळफलकाच्या बाबतीत हाच प्रश्न अधिक बोचरा होतो. संपूर्ण डिस्क कूटबद्ध असलेल्या यंत्रात बूट होताना परवलीचा शब्द विचारला जातो. हा प्रश्न इनिटरॅमएफएसमधून विचारला जातो, म्हणजे कळफलकाचा ड्रायव्हरही त्याच टप्प्यावर हजर हवा. तो नसेल तर पडद्यावर प्रश्न दिसतो, परवलीचा शब्द मालकाला पाठ असतो, आणि तरीही स्वतःच्या माहितीपर्यंत पोहोचण्याचा मार्ग बंद असतो. त्याआधीच्या बूट मेनूत तोच कळफलक व्यवस्थित चालल्यामुळे गोंधळ वाढतो. मात्र बूट मेनूच्या वेळी कळफलक फर्मवेअर सांभाळत असते. कर्नलने यूएसबी कंट्रोलरचा ताबा घेतला की ती सेवा संपते. इनिटरॅमएफएस तयार करणारी काही साधने ती बांधण्याच्या वेळी यंत्रात आढळलेल्या उपकरणांपुरतीच मॉड्यूले घेतात. जुन्या गोल खाचेचा कळफलक काढून नंतर यूएसबीचा लावला, तर काहीही न बदलता यंत्र असे कुलूपबंद होऊ शकते.

पेनड्राइव्हची साखळी

साखळी कशी असते हे पेनड्राइव्हच्या उदाहरणावरून सर्वांत स्पष्ट होते. होस्ट कंट्रोलर आणि यूएसबी कोअर यांच्यानंतर ‘कॉन्फिग_यूएसबी_स्टोरेज’ लागतो. हा ड्रायव्हर पेनड्राइव्हशी स्कझी या जुन्या डिस्क-भाषेतील आज्ञांनी बोलतो, म्हणून स्कझी यंत्रणा लागते. तेवढ्यानेही भागत नाही. स्कझीचा मूळ भाग केवळ आज्ञा पोहोचवितो. पलीकडे डिस्क आहे हे जाणून तिला डिस्क म्हणून उभे करणारा ड्रायव्हर ‘कॉन्फिग_बीएलके_डेव्ह_एसडी’ हा आहे आणि तो स्कझीच्या मेनूत आहे. तो नसेल तर नोंदवहीत पेनड्राइव्हचे नाव व उत्पादक अगदी बरोबर दिसतात, मात्र डिस्क अवतरत नाही. ही चूक इतकी नित्याची होती की कर्नलच्या लेखकांनी यूएसबीच्या मेनूतच तशी सूचना लिहून ठेवली.

डिस्क दिसू लागल्यावर तिच्यावरील फाइलव्यवस्था वाचता यावी लागते. पेनड्राइव्ह बहुधा फॅट३२ किंवा एक्सफॅट पद्धतीने तयार केलेले असतात. फॅटसाठी व्हीफॅटचा ड्रायव्हर आणि त्याच्या जोडीला अक्षरसंचाच्या तक्त्यांची मॉड्यूले लागतात. अमेरिकी संगणकांच्या जुन्या ४३७ क्रमांकाच्या तक्त्याचा आधार नसेल तर इतर सर्व काही असूनही पेनड्राइव्ह जोडला जात नाही, कारण मूळ संरूपणात तोच तक्ता गृहीत धरलेला आहे.

मराठी वापरकर्त्यांशी थेट संबंधित असा भाग येथेच येतो. व्हीफॅटमधील लांब नावे युनिकोडमध्ये साठविली जातात, परंतु कर्नलने ती दाखविताना कोणता अक्षरसंच वापरावा हे संरूपणात ठरते. मूळ पर्याय पश्चिम युरोपीय भाषांचा आहे. त्यात देवनागरीला स्थान नसल्याने ‘पत्र’ किंवा ‘सातबारा’ अशा नावांच्या फाइली प्रश्नचिन्हांच्या रांगा होऊन दिसतात. फाइलींना धक्का लागलेला नसतो, केवळ नाव उमटत नाही. ‘कॉन्फिग_फॅट_डिफॉल्ट_यूटीएफ८’ हा पर्याय निवडल्यास, किंवा पेनड्राइव्ह जोडतानाच यूटीएफ-८ मागितल्यास, नावे नीट दिसतात. वितरणांमधील जोडणीची साधने ही काळजी आपणहून घेतात, म्हणून ही अडचण मुख्यतः स्वतः बांधलेल्या कर्नलवर भेटते.

बाह्य एसएसडी आणि वेगवान डिस्कसाठी यूएएस हा नवा ड्रायव्हर आहे. जुनी पद्धत एका वेळी एकच आज्ञा पाठविते, तर यूएएस अनेक आज्ञा रांगेत ठेवतो. मात्र काही साटा-यूएसबी जोडचिपा यूएएस येत असल्याचे सांगतात आणि प्रत्यक्ष भार पडताच अडखळतात. अशा उपकरणापुरता यूएएस बंद करून जुन्या पद्धतीवर येण्याची सोय यूएसबी-स्टोरेज मॉड्यूलच्या ‘क्वर्क्स’ या घटकात आहे: त्याला उपकरणाचे दोन क्रमांक आणि ‘यू’ हे अक्षर द्यावे लागते. वेग घटतो, पण माहिती सुरक्षित राहते.

इतर उपकरणे

कळफलक आणि माऊस यांना ‘कॉन्फिग_यूएसबी_एचआयडी’ सोबत ‘कॉन्फिग_एचआयडी_जेनेरिक’ लागतो. मेनूत याशिवाय बूट प्रोटोकॉल कळफलक या नावाचा एक साधा ड्रायव्हरही असतो. नाव पाहून तो आवश्यक वाटतो, परंतु तो अगदी मर्यादित साधनांच्या यंत्रांसाठी आहे आणि पूर्ण ड्रायव्हर अंगभूत असताना तो निवडताही येत नाही.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना नेहमी भेटणारा प्रकार म्हणजे सिरियल अडॅप्टर. अर्दुइनो ऊनोचा मूळ फलक स्वतःची ओळख मानक वर्गाद्वारे देतो व त्याला ‘कॉन्फिग_यूएसबी_एसीएम’ पुरतो. त्याच फलकाच्या स्वस्त प्रतिकृतींवर मात्र बहुधा सीएच३४० ही चिप असते आणि तिला ‘कॉन्फिग_यूएसबी_सिरियल_सीएच३४१’ हा वेगळा ड्रायव्हर लागतो. एफटीडीआय आणि सीपी२१०एक्स या चिपांचे ड्रायव्हर आणखी वेगळे. बाहेरून सारखे दिसणारे दोन फलक एकाच संगणकावर एक चालतो व दुसरा चालत नाही, याचा उलगडा येथे होतो.

रास्पबेरी पायच्या मॉडेल बी पासून ३बी+ पर्यंतच्या फलकांवर इथरनेटची खाच असली तरी ती आतून यूएसबीलाच जोडलेली आहे. पडदा आणि कळफलक न लावता केवळ नेटवर्कवरून चालविल्या जाणाऱ्या अशा यंत्राच्या कर्नलमधून ‘यूएसबी लागत नाही’ म्हणून तो विभाग काढून टाकल्यास यंत्राशी असलेला एकमेव संपर्क तुटतो. ३बी पर्यंतच्या फलकांना एसएमएससी९५एक्सएक्स आणि ३बी+ ला लॅन७८एक्सएक्स हा ड्रायव्हर लागतो. मोबाइल फोनचे इंटरनेट केबलने संगणकाला देण्यासाठी आरएनडीआयएस किंवा सीडीसी-एनसीएम हे यूएसबी नेटवर्कचे ड्रायव्हर उपयोगी पडतात.

मॉड्यूल आपोआप कसे भरले जाते

प्रत्येक ड्रायव्हरमध्ये तो कोणत्या उत्पादक-क्रमांकांना, उत्पादन-क्रमांकांना किंवा वर्गांना उत्तर देतो याचा तक्ता असतो. मॉड्यूले प्रस्थापित करताना ‘डेपमॉड’ हा प्रोग्रॅम सर्व तक्ते एकत्र करून एक सूची बनवितो. उपकरण जोडले गेले की कर्नल त्याच्या क्रमांकांपासून एक ओळखओळ तयार करून बाहेर जाहीर करतो, ‘यूडेव्ह’ ही सेवा ती ऐकते आणि सूचीतून जुळणारे मॉड्यूल भरविते. वापरकर्त्याला यातले काही दिसत नाही.

ही सूची चालू असलेल्या कर्नलच्या आवृत्तीची हवी. काही वितरणांत अद्ययावत करताना जुन्या कर्नलची मॉड्यूले लगेच पुसली जातात, परंतु यंत्र पुन्हा सुरू करेपर्यंत मेमरीत जुनाच कर्नल चालू असतो. त्या मधल्या काळात प्रथमच पेनड्राइव्ह लावला तर तो ओळखला जात नाही, कारण भरायची मॉड्यूलच डिस्कवर उरलेली नसते. यंत्र पुन्हा सुरू केले की सर्व पूर्ववत होते.

निवड करण्याची पद्धत

कोऱ्या पाटीवरून सुरुवात करणे शहाणपणाचे नसते. चालू वितरणाची संरूपण-फाइल बहुधा ‘बूट’ डिरेक्टरीत उपलब्ध असते. ती घेऊन ‘मेक ओल्डकॉन्फिग’ दिल्यास फक्त नव्या पर्यायांबद्दल प्रश्न विचारले जातात. यातून तयार होणारा कर्नल मोठा असतो आणि कंपाइल होण्यास वेळ घेतो. तो आटोपशीर करण्यासाठी ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ ही आज्ञा आहे. स्टीव्हन रोस्टेड यांनी लिहिलेली ही सोय २.६.३२ या कर्नलमध्ये आली. या क्षणी भरलेली मॉड्यूले पाहून ती उरलेली मॉड्यूले वगळते.

‘या क्षणी’ हे शब्द येथे निर्णायक आहेत. त्या वेळी कपाटात ठेवलेला छपाईयंत्राचा अडॅप्टर, न लावलेला वेबकॅम, महिन्यातून एकदा वापरली जाणारी बाह्य डिस्क यांचे ड्रायव्हर भरलेले नसतात, म्हणून तेही वगळले जातात. ही आज्ञा देण्यापूर्वी घरातील किंवा प्रयोगशाळेतील सर्व यूएसबी उपकरणे एकेक करून लावून घ्यावीत. नवा कर्नल सिद्ध होईपर्यंत जुना कर्नल बूट मेनूतून काढू नये; कळफलक बंद पडला तर परतीचा तोच एक सोपा मार्ग उरतो.

दोषाचा शोध

कर्नलची नोंदवही ‘डीमेसेज’ या आज्ञेने वाचता येते. उपकरण लावल्यावर तिच्यात नवे उपकरण आढळल्याची ओळ आली, तर होस्ट कंट्रोलर आणि यूएसबी कोअर ठीक आहेत. दोष तिसऱ्या किंवा चौथ्या थरात शोधावा. ओळच आली नाही तर कंट्रोलरचा ड्रायव्हर, वीजपुरवठा आणि केबल यांचा क्रम लागतो. फोन चार्ज करण्यासाठी मिळणाऱ्या काही केबलींत माहितीच्या तारा नसतातच, त्यामुळे कर्नलचे संरूपण उलटेपालटे करण्याआधी केबल बदलून पाहावी. ‘एलएस-यूएसबी’ ही आज्ञा ‘-टी’ या पर्यायासह दिल्यास जोडणीचा वृक्ष दिसतो आणि प्रत्येक इंटरफेसला कोणता ड्रायव्हर लागला आहे हे कळते. ड्रायव्हरची जागा रिकामी असलेला इंटरफेस हाच बहुधा हरवलेला दुवा असतो.

सुरक्षा

यूएसबी ड्रायव्हर हा बाहेरून येणाऱ्या माहितीवर विश्वास ठेवून कर्नलच्या सर्वाधिकारांनिशी चालतो. उपकरण स्वतःबद्दल जे सांगेल ते खरे असेल असे मानण्यास मात्र आधार नाही. २०१४ मध्ये कार्स्टन नोल आणि याकोब लेल यांनी ब्लॅक हॅट परिषदेत दाखविलेल्या ‘बॅडयूएसबी’ प्रयोगात पेनड्राइव्हचे आतील फर्मवेअर बदलून त्याला कळफलक असल्याचे सोंग घ्यायला लावले होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये गूगलचे आंद्रेई कोनोवालोव्ह यांनी सिझकॉलर या चाचणी-साधनाने लिनक्सच्या यूएसबी ड्रायव्हरांत सापडलेल्या १४ सुरक्षा-त्रुटी एकदम जाहीर केल्या. यांपैकी बऱ्याच त्रुटी क्वचित वापरल्या जाणाऱ्या उपकरणांच्या ड्रायव्हरांत होत्या.

या धोक्याचे मानवी मोल फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने प्रसिद्ध केलेल्या अहवालातून दिसले. सर्बियातील एका आंदोलक विद्यार्थ्याचा अँड्रॉइड फोन पोलिसांच्या ताब्यात असताना यूएसबी ड्रायव्हरांतील त्रुटींचा वापर करून उघडण्यात आला होता. अहवालात तीन त्रुटींचा उल्लेख होता. सीव्हीई-२०२४-५३१०४ ही यूएसबी व्हिडिओच्या ड्रायव्हरमधील आणि २००८ पासून, म्हणजे २.६.२६ या कर्नलपासून, तेथे असलेली. सीव्हीई-२०२४-५३१९७ ही यूएसबी ध्वनीच्या ड्रायव्हरमधील, एक्स्टिजी आणि एमबॉक्स या जुन्या ध्वनिपत्रांसाठीच्या संकेतातील. तिसरी, सीव्हीई-२०२४-५०३०२, मानवी आदानाच्या यंत्रणेतील. फोनला कोणी कधी वीस वर्षांपूर्वीचे ध्वनिपत्र जोडेल अशी शक्यता नगण्य. पण त्यासाठीचा संकेत फोनच्या कर्नलमध्ये होता आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या यंत्राला आपण ते ध्वनिपत्र असल्याचे भासविणे शक्य होते. तिन्ही त्रुटी त्यानंतर दुरुस्त करण्यात आल्या.

न लागणारा ड्रायव्हर वगळणे हा म्हणूनच जागा वाचविण्यापुरता विषय राहिलेला नाही. मॉड्यूल म्हणून बांधलेला ड्रायव्हर मेमरीत नसला तरी संरक्षण मिळत नाही, कारण योग्य क्रमांक सांगणारे उपकरण जोडताच तो आपोआप भरला जातो. एखादे मॉड्यूल भरलेच जाऊ नये असे संरूपण ‘मॉडप्रोब’ला सांगता येते. याखेरीज कर्नलमध्ये उपकरणाला परवानगी देण्याची सोय आहे: ‘ऑथराइझ्ड_डिफॉल्ट’ हे मूल्य ० केल्यास नवे उपकरण ओळखले जाते, पण परवानगी मिळेपर्यंत त्याला कोणताही ड्रायव्हर लावला जात नाही. यूएसबीगार्ड हे साधन याच सोयीवर उभे असून नियमांच्या आधारे परवानग्या देते. एकुलता कळफलक यूएसबीचा असलेल्या यंत्रावर हा बदल करताना त्या कळफलकाला आधी परवानगी दिली नाही, तर बदल मागे घेण्यासाठी टंकन करता येत नाही.

इतर कर्नल

फ्रीबीएसडीमध्ये मेनूऐवजी एक संरूपण-फाइल हाताने संपादित केली जाते आणि तीत प्रत्येक ड्रायव्हरसाठी ‘डिव्हाइस’ या शब्दाने सुरू होणारी ओळ असते. साखळी मात्र तीच आहे. पेनड्राइव्हसाठी होस्ट कंट्रोलर, ‘यूएसबी’ व ‘यूमास’ यांच्यासोबत ‘एससीबस’ आणि ‘डीए’ या स्कझीच्या ओळीही लागतात. कळफलकाचा ड्रायव्हर तेथे ‘यूकेबीडी’ या नावाने ओळखला जातो. ‘जेनेरिक’ या मूळ संरूपणात या ओळी असतातच. तिची प्रत काढून नको त्या ओळी गाळण्याची तेथील प्रथा आहे.